मेनफ्रेमवरचं लिनक्स: सगळ्या टूलांच्या खालचा सामायिक कोड कसा सांभाळतात

दारव्हा, दिग्रस, नेर या पट्ट्यातून पॉलिटेक्निक किंवा बीएस्सी करून निघालेली मुलं मला नेहमी विचारतात, की ओपन सोर्समध्ये हात घालायचा तर सुरुवात कुठून करावी. बहुतेकांच्या डोक्यात एखादं ॲप असतं, नाहीतर वेबसाइट. मी त्यांना भलतीच जागा दाखवते. आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या भल्यामोठ्या संगणकावर, जे लिनक्स चालतं, त्याच्यासाठी ‘एस३९०-टूल्स’ नावाचा टूलांचा संच आहे, आणि त्या संचाच्या पोटात ‘लिबयुटिल’ नावाची एक लहानशी लायब्ररी, म्हणजे बाकीच्या टूलांनी वापरायचा तयार कोड, आहे. टूल वापरणाऱ्याला तिचं नावही माहीत नसतं. पण ती कशी सांभाळली जाते हे एकदा नीट कळलं, की मोठ्या कोडची भीती जाते, हे मी या मुलांमध्ये पाहिलंय. सी भाषेची तोंडओळख असेल तर उत्तम. नसेल तरी वाचत राहा, अडणार नाही.

आधी यंत्र समजून घेऊ

मेनफ्रेम म्हणजे जुनाट, बंद पडलेलं काहीतरी असा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ जाहीर केली, तिथून हे घराणं सुरू होतं, आणि त्याच घराण्यातलं ‘झेड१७’ हे यंत्र २०२५ मध्ये आलं. मोठ्या बँकांचे व्यवहार, विमा कंपन्यांचे हिशेब, विमानांची आरक्षणं अशी कामं जगभर या यंत्रांवर चालतात. एखादा भाग खराब झाला तरी यंत्र चालूच राहावं, आणि एकाच यंत्रात शेकडो स्वतंत्र सिस्टिम नांदाव्यात, या दोन गोष्टींसाठी ती बनवलेली असतात.

डिसेंबर १९९९ मध्ये आयबीएमने लिनक्सच्या २.२.१३ या कर्नलसाठी, म्हणजे गाभ्यासाठी, स्वतःचे बदल खुले केले, आणि मेनफ्रेमवर लिनक्स अधिकृतपणे उभं राहिलं. त्यामागचं बरंचसं काम जर्मनीतल्या बोब्लिंगेन इथल्या प्रयोगशाळेत झालं. २०१५ मध्ये तर फक्त लिनक्स चालवण्यासाठी ‘लिनक्सवन’ नावाची वेगळी मेनफ्रेमच बाजारात आली.

आता कुणी म्हणेल, लिनक्स ते लिनक्स, मग वेगळी टूलं कशाला? कारण खालचं यंत्र वेगळं आहे. तुमच्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मेनफ्रेमवर नसते. तिथे बहुतेकदा ‘डॅझडी’ नावाची मेनफ्रेमची डिस्क असते, आणि तिची मोजणी अजूनही ३३९० या जुन्या डिस्कच्या हिशेबाने होते. एका सिलिंडरमध्ये १५ ट्रॅक. एका ट्रॅकवर ४,०९६ बाइटचे १२ ब्लॉक. १०,०१७ सिलिंडरची डिस्क घेतली तर गुणाकार करून साधारण ७.४ जीबी भरतात. अशी डिस्क वापरण्याआधी ‘डॅझडी-एफएमटी’ या टूलने तिच्यावर ब्लॉक आखावे लागतात. मग ‘एफ-डॅझडी’ या टूलने पार्टिशन पाडायची, तीही नेहमीच्या मांडणीत जास्तीत जास्त तीन. यंत्राला जोडलेल्या उपकरणांचे पत्ते ०.०.०१९० अशा धाटणीचे. उपकरण जोडलं म्हणजे लगेच चालू झालं असं नाही, त्याला ‘ऑनलाइन’ करावं लागतं. गुप्तलेखनाची वेगळी कार्डं असतात, त्यांची वेगळी देखरेख. या प्रत्येक कामाला एक टूल आहे, आणि ती सगळी एस३९०-टूल्समध्ये एकत्र नांदतात.

प्रत्येक टूलला लागणारी तीच ती कामं

ही टूलं एकमेकांपासून कितीही वेगळी असली तरी काही कामं प्रत्येकाला करावीच लागतात. कमांडसोबत दिलेले पर्याय वाचायचे. कुणी मदत मागितली तर नीट रांगेत मदत छापायची. कर्नलने मांडलेल्या फायलींतून माहिती वाचायची. मेमरी मागायची. शेवटी तक्ता छापायचा.

हे प्रत्येक टूलने आपापलं लिहिलं तर काय होतं? एका टूलमध्ये मदत एका प्रकारे दिसते, दुसऱ्यात दुसऱ्या प्रकारे. एकात चूक सापडली आणि दुरुस्त केली, तरी तीच चूक बाकीच्यांत तशीच झोपलेली राहते, कारण कॉपी करून नेलेल्या कोडचा पत्ता कुणाकडेच नसतो. म्हणून ही सारखी कामं बाजूला काढून एका जागी ठेवतात. ती जागा म्हणजे लिबयुटिल.

सामायिक कोडचा स्वभाव समजायला जिनिंगच्या फाटकावरचा वजनकाटा डोळ्यासमोर आणा. सगळ्या गावांच्या कापसाच्या गाड्या त्याच काट्यावर येतात. काटा बरोबर तर सगळ्यांचं वजन बरोबर. काटा जरासा सरकला तर त्या दिवशीची एकेक पावती चुकीची, आणि चूक गाडीवाल्याला दिसतसुद्धा नाही. आणखी एक गोष्ट: काटा दुरुस्त करायला घेतलात तर रांगेत कोण कोण उभं आहे हे आधी बघावं लागतं. सामायिक लायब्ररी सांभाळणं म्हणजे मुख्यतः ही रांग ओळखणं. नवा कोड लिहिणं हा त्यातला छोटा भाग. मला या कामाबद्दल एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही.

एक आकडा वाचायचा, बस

आता जरा जवळून बघू. लिनक्सचं कर्नल उपकरणांची माहिती ‘सिस’ नावाच्या फोल्डरखाली फायलींच्या रूपात मांडतं. एखादी डॅझडी चालू आहे की नाही हे कळायला तिच्या फोल्डरमधली ‘ऑनलाइन’ नावाची फाईल वाचायची. फाईलमध्ये एकच अक्षर असतं, १ किंवा ०, आणि त्याच्यामागे ओळ संपल्याची खूण.

अभ्यासिकेतल्या मुलांना मी हे काम साध्या सीमध्ये लिहायला देते. फाईल उघडा, वाचा, एकशी तुलना करा. जवळजवळ प्रत्येकाचं उत्तर पहिल्यांदा ‘बंद’ असं येतं, डिस्क चालू असली तरी. कारण वाचलेल्या मजकुरात १ च्या मागे ती न दिसणारी खूण चिकटलेली असते, आणि तुलना फसते. ती काढली की पुढचा प्रश्न: फाईलच नसेल तर? उपकरण मधेच काढलं गेलं असेल तर? पत्ता जोडताना बफर, म्हणजे मेमरीतली तात्पुरती जागा, अपुरा पडला तर? तीन ओळींचं काम बघता बघता तीस ओळींचं होतं, आणि त्या तीस ओळी प्रत्येक टूलमध्ये पुन्हा लिहायची कुणाची इच्छा नसते.

लिबयुटिलमध्ये यासाठी ‘युटिल फाईल’ हा भाग आहे. त्यातल्या फंक्शनला फायलीचा पत्ता सीमधल्या ‘प्रिंटएफ’ या छापणाऱ्या फंक्शनच्या धाटणीने थेट देता येतो, म्हणजे पत्ता जोडायचा वेगळा बफर लागत नाही. ते पहिली ओळ वाचतं, शेवटची खूण काढतं, आणि जमलं की नाही ते परत सांगतं. आकडा हवा असेल तर वेगळं फंक्शन आहे, आणि त्याला आकडा कुठल्या पायात (बेसमध्ये) वाचायचा, दहाच्या की सोळाच्या, हेही सांगावं लागतं. हा पाया विसरणं महागात पडतं. मेनफ्रेमवरचे उपकरणांचे पत्ते सोळाच्या पायात असतात. तिथलं ‘१०’ म्हणजे आपले सोळा. दहाच्या पायात वाचलं तर टूल कुठलीही तक्रार न करता भलत्याच उपकरणाकडे जाईल, आणि ते टूल डिस्क फॉरमॅट करणारं असेल तर काय होईल याचा विचार करा.

मेमरीचंही असंच. सीमध्ये मेमरी मागितली की ती मिळाली का हे दर वेळी तपासायचं असतं, आणि माणसं ते विसरतात. लिबयुटिलमधलं मेमरी मागणारं फंक्शन मेमरी मिळाली नाही तर कुठल्या फायलीच्या कितव्या ओळीवर अडलं ते छापतं आणि प्रोग्रॅम तिथेच थांबवतं. इथे जाणकार वाचक भुवया उंचावतील. लायब्ररीने दुसऱ्याचा प्रोग्रॅम परस्पर बंद करायचा? जगासाठी लिहिलेल्या लायब्ररीत असं केलंत तर तुम्हाला कुणी दारात उभं करणार नाही, आणि बरोबरच आहे. पण इथे वापरणारे सगळे घरातले आहेत. बहुतेक टूलं क्षणभर चालून संपणारी. मेमरीच उरली नाही तर त्यांना पुढे करण्यासारखं काही नसतं. अशा ठिकाणी स्वच्छ निरोप देऊन थांबणं हेच शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसरात्र पाठीमागे चालत राहणाऱ्या प्रोग्रॅमसाठी मात्र हेच फंक्शन वापरण्याआधी दोनदा विचार करावा. म्हणजे एकच निर्णय एका लायब्ररीत चूक आणि दुसऱ्या लायब्ररीत योग्य ठरतो, आणि ते ठरतं वापरणारे कोण आहेत त्यावरून.

अक्षरांचा गोंधळ

लिबयुटिलच्या शेजारी आणखी काही सामायिक लायब्रऱ्या आहेत. त्यातली ‘लिबव्हीटॉक’ मला फार आवडते, कारण तिच्यात साठ वर्षांचा इतिहास रोज कामाला येतो.

डॅझडीच्या सुरुवातीला एक लेबल असतं, आणि ते ‘व्हॉल१’ या चार अक्षरांनी सुरू होतं. आपल्या लॅपटॉपवर अक्षरं ‘आस्की’ या सांकेतिक पद्धतीने साठवतात. मेनफ्रेमच्या जगात ‘एब्सिडिक’ ही पद्धत रुजलेली आहे. त्यामुळे डिस्कवर ही चार अक्षरं सोळाच्या पायात ई५, डी६, डी३, एफ१ अशी लिहिलेली सापडतात. आस्की समजून वाचलंत तर काहीच अर्थ लागणार नाही. बरं, नुसती बेरीज-वजाबाकी करून एका पद्धतीतून दुसरीत जाता येत नाही, कारण एब्सिडिकमध्ये इंग्रजी वर्णमाला सलग नाही. नववं अक्षर ‘आय’ सी९ वर संपतं आणि त्याच्या पुढचं ‘जे’ थेट डी१ वर सुरू होतं. पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एक-एक वाढवत जाणारा साधा लूप मधल्या खड्ड्यात पडतो. म्हणून पूर्ण तक्ताच लागतो, आणि तो लिबव्हीटॉकमध्ये आहे.

त्यातही एक खाचखळगा आहे. डिस्कचं नाव सहा अक्षरांच्या जागेत लिहितात. नाव चार अक्षरी असेल तर उरलेल्या दोन जागी रिकामी अक्षरं भरायची. पण सोळाच्या पायात आस्कीतलं रिकामं अक्षर २० आणि एब्सिडिकमधलं ४०. नावाचं रूपांतर केलं आणि रिकाम्या जागा मागाहून आस्कीने भरल्या, की पडद्यावर सगळं छान दिसेल आणि मेनफ्रेमच्या दुसऱ्या सिस्टिमला तीच डिस्क अनोळखी वाटेल. हा क्रम प्रत्येक टूलच्या लेखकाने लक्षात ठेवावा अशी अपेक्षा करणं चूक आहे. तो एकदा, एका जागी, नीट लिहून ठेवावा. डिस्क फॉरमॅट करणारं टूल, पार्टिशन पाडणारं टूल आणि डिस्कची माहिती दाखवणारं टूल, तिन्ही मग तोच कोड वापरतात आणि एकमेकांचं लिहिलेलं त्यांना वाचता येतं.

बदल करायचा म्हणजे काय करायचं

समजा कुणाला वाटलं, की ओळ वाचणाऱ्या त्या फंक्शनने ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागाही काढून टाकाव्यात. ऐकायला किती निरुपद्रवी. पण कर्नलच्या ‘सिसइन्फो’ या फायलीत यंत्राच्या विभागाचं नाव आठ अक्षरांच्या जागेत छापलेलं असतं, नाव छोटं असलं तर पुढे रिकामी जागा सोडून. एखादं टूल अशी ओळ जागा मोजून कापत असेल, तर तुमच्या साफसफाईनंतर ते चुकीच्या जागी कापेल. तुमच्या टूलचं भलं झालं, दुसऱ्याचं मोडलं.

म्हणून पहिली पायरी म्हणजे शोध. हे फंक्शन कोण कोण बोलावतं ते ‘गिट ग्रेप’ या कोडात शब्द शोधणाऱ्या कमांडने काढायचं, आणि मग ती यादी खरोखर वाचायची. प्रत्येक ठिकाणी जाऊन बघायचं: परत आलेल्या उत्तराचं हे टूल काय करतं? चूक आली तर तपासतं का? रिकामी ओळ आली तर? हे कंटाळवाणं वाटेल, पण खरं शिक्षण इथेच होतं. दहा वेगवेगळ्या माणसांनी एकच फंक्शन कशाकशासाठी वापरलं हे वाचताना तुम्हाला ते फंक्शन त्याच्या मूळ लेखकापेक्षा जास्त कळायला लागतं.

शोधात एक जरी टूल जुन्या वागण्यावर विसंबलेलं निघालं, तर जुन्या फंक्शनला हात लावायचा नाही. वेगळ्या नावाचं नवं लिहायचं, आणि ज्याला हवं त्याने तिकडे जायचं. दोन फंक्शनं झाली तर झाली. एखाद्या बँकेची मध्यरात्रीची स्क्रिप्ट मोडण्यापेक्षा ते परवडतं.

स्क्रिप्टचा विषय निघालाच आहे, तर तक्त्यांबद्दल सांगते. इथे रांग घराबाहेर जाते. टूलने छापलेला तक्ता माणसं डोळ्यांनी वाचतात, आणि सिस्टिम सांभाळणाऱ्यांच्या स्क्रिप्टही वाचतात. तिसरा रकाना उचल, त्यात ‘ऑनलाइन’ असेल तर पुढे जा, असं कुठेतरी कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. ते कुठे आहे हे लायब्ररी सांभाळणाऱ्याला कधीच कळत नाही. गुप्तलेखनाची कार्डं दाखवणारं ‘एलएस-झेडक्रिप्ट’ हे टूल आपला तक्ता लिबयुटिलच्या ‘युटिल रेक’ या भागातून छापतं. त्या भागात रकान्यांमधली जागा बदलली, तर एकाही टूलच्या कोडला हात न लावता त्यावर बसलेल्या टूलांचं छापणं बदलेल. डोळ्यांना फरक जाणवणारही नाही. अक्षरं मोजून कापणारी स्क्रिप्ट मात्र आडवी होईल.

यावरचा उपाय लायब्ररीतच आला, आणि तो मला मनापासून पटतो. ‘युटिल फॉरमॅट’ या नव्या भागातून तीच माहिती जेसन, सीएसव्ही किंवा नाव-किंमत अशा जोड्यांच्या रूपात छापता येते. माणसांसाठी तक्ता, यंत्रासाठी जेसन. असे पर्याय असले म्हणजे तक्ता सुंदर करायची मोकळीक मिळते. पण जेसनमधली नावं मग बदलता येत नाहीत. शब्द एकदा दिला तो दिला.

एकच ओळ बदलली, मग इतकी टूलं का बांधली गेली?

उन्हाळ्याच्या सुट्टीत डिप्लोमाच्या एका मुलाने लिबयुटिलमधली एक ओळ बदलून ‘मेक’ ही कोडपासून टूलं बांधणारी कमांड मारली, आणि पडद्यावर टूलामागून टूल बांधलं जाताना बघून तो चमकला.

“ताई, ओळ तं एकच बदलवली. मंग हे सारी टूलं पुन्हा कायले बनून राह्यली?”

“अरे बाबू, लायब्ररी प्रत्येक टूलच्या पोटात जाऊन बसते ना. पोटातलं बदललं तं टूल नव्यानंच बांधा लागते.”

“मंग बाहेर ठेवाची ना एकाच जागी!”

त्याचा प्रश्न अगदी नेमका होता. लायब्ररी दोन प्रकारे जोडता येते. पहिला प्रकार: बांधतानाच तिचा कोड टूलच्या फायलीत घालून टाकायचा. दुसरा: लायब्ररीची फाईल सिस्टिमवर वेगळी ठेवायची आणि टूल चालू होताना ती जोडून घ्यायची. लिबयुटिल पहिल्या प्रकारची आहे. तिच्यात दुरुस्ती झाली तर सगळी टूलं पुन्हा बांधून पुन्हा वाटावी लागतात. तोटा उघड आहे. फायदा मात्र मोठा: लिबयुटिल आणि तिला वापरणारी टूलं एकाच भांडारात (रिपॉझिटरीत) असल्यामुळे फंक्शनची मागणी बदलायची झाली, समजा त्याला आणखी एक माहिती द्यावी लागणार असेल, तर लायब्ररी आणि सगळी टूलं एकदमच दुरुस्त करता येतात. जुनं टूल आणि नवी लायब्ररी अशी विजोड जोडी कधी तयारच होत नाही.

दुसऱ्या प्रकारच्याही लायब्रऱ्या याच संचात आहेत. गुप्तलेखनाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सर्व्हरशी बोलणारी ‘लिबईकेएमएफवेब’ ही वेगळी फाईल म्हणून राहते. तिथे नियम कडक. बाहेरच्या प्रोग्रॅमने जे फंक्शन जसं वापरलं तसंच ते पुढेही राहिलं पाहिजे. मोडायचंच असेल तर फायलीच्या नावातला आवृत्तीचा आकडा वाढवावा लागतो, म्हणजे जुने प्रोग्रॅम जुन्याच फायलीला धरून राहतात.

कुठला प्रकार चांगला? लायब्ररी घरातलीच माणसं वापरत असतील तर पोटात घाला आणि बदलायचं स्वातंत्र्य ठेवा. बाहेर वेगळी ठेवण्याची घाई अनेक प्रकल्प करतात आणि मग दिलेल्या शब्दात अडकून पडतात. मला एस३९०-टूल्सचा निवाडा योग्य वाटतो.

गावात मेनफ्रेम नाही, मग तपासायचं कसं

हा प्रश्न सगळेच विचारतात. मेनफ्रेम तालुक्यालाही नाही आणि जिल्ह्यालाही नाही. पण लिबयुटिलचा बराचसा भाग साध्या सीमध्ये आहे आणि कुठल्याही लिनक्स लॅपटॉपवर बांधता येतो. तिच्या फोल्डरमध्येच छोटे नमुना प्रोग्रॅम ठेवलेले आहेत. पर्याय कसे वाचायचे, तक्ता कसा छापायचा, हे त्यातून चालवून बघता येतं. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली जागा नाही.

उपकरणांचं काय? इथे लायब्ररीच्या लेखकांनी एक सोय करून ठेवली आहे. ‘सिस’ फोल्डरचा पत्ता काढणारं फंक्शन आधी ‘सिसएफएस रूट’ या नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सूचना, दिलेला आहे का ते बघतं. दिलेला असेल तर खऱ्या फोल्डरऐवजी तुम्ही सांगाल ते फोल्डर वापरतं. म्हणजे लॅपटॉपवर एक खोटं झाड उभारायचं, त्यात ०.०.०१९० नावाचं फोल्डर करायचं, आत ‘ऑनलाइन’ नावाच्या फायलीत १ लिहायचं, आणि तुमच्या चाचणीच्या कोडला वाटेल की समोर डॅझडी जोडलेली आहे. फाईल रिकामी ठेवून बघा. आकड्याच्या जागी अक्षर लिहून बघा. फाईल काढूनच टाका. खऱ्या यंत्रावर जे महिनोन्महिने घडणार नाही ते इथे पाच मिनिटांत घडवता येतं. हे सगळ्या टूलांना लागू नाही, पण लायब्ररीच्या या मार्गाने जाणाऱ्या कोडला आहे.

एक गोष्ट मात्र खोट्या झाडात सापडत नाही. मेनफ्रेम आकडे लिहिताना मोठा बाइट आधी ठेवते आणि आपला लॅपटॉप छोटा बाइट आधी. चार बाइटमध्ये लिहिलेला १ उलट्या क्रमाने वाचला तर तो १,६७,७७,२१६ होतो. लॅपटॉपवर बरोबर चाललेला कोड तिथे असा भरकटू शकतो. यासाठी ‘क्यूईएमयू’ हा मोफत प्रोग्रॅम आहे, तो साध्या लॅपटॉपवर एस३९०एक्सचं, म्हणजे मेनफ्रेमच्या जातीचं, यंत्र सोंग घेऊन चालवतो. हळू चालतो, आणि आमच्याकडे लाइन गेली की बॅटरी लवकर खातो, पण बाइटचा क्रम अगदी मेनफ्रेमचा मिळतो. खरी डॅझडी त्याच्यात घडवता येत नाही. ती हवी असेल तर ‘हर्क्युलिस’ हा दुसरा प्रोग्रॅम आहे. शिवाय आयबीएम डेव्हलपरांना लिनक्सवनवरचं व्हर्च्युअल मशीन ठराविक मुदतीसाठी मोफत देते, आणि त्याला फक्त बरं इंटरनेट लागतं.

बांधतानाच्या तपासण्याही सोडू नका. मेकला ‘असॅन’चा पर्याय दिला की मेमरीतल्या चुका चालता चालता पकडल्या जातात. परत करून टाकलेल्या मेमरीला पुन्हा हात लावणं, बफरच्या पुढे एक बाइट लिहिणं, या चुका डोळ्यांना दिसत नाहीत आणि सामायिक कोडमध्ये सगळ्यात जास्त नुकसान करतात.

दुरुस्ती लोकांपर्यंत पोचायला

२०१७ पासून एस३९०-टूल्स गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर एमआयटी परवान्याखाली खुली आहेत. कुणीही वाचू शकतं, कुणीही बदल पाठवू शकतं. बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी आपल्या नावाची ओळ घालायची, म्हणजे हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं तुम्ही लिहून देता. संदेशाच्या पहिल्या ओळीत आधी भागाचं नाव, जसं ‘लिबयुटिल’, मग बदल काय ते थोडक्यात.

बदल स्वीकारला म्हणजे लगेच बँकेत पोचला असं होत नाही. रेड हॅट, सूसे, उबंटू या लिनक्स वाटणाऱ्या मंडळींची आपापली पॅकेजं असतात, आणि रेड हॅटची एक मोठी आवृत्ती दहा वर्षं सांभाळली जाते. इतक्या जुन्या आवृत्तीत नवी सगळी लायब्ररी कुणी घालत नाही. हवी तेवढीच दुरुस्ती उचलून मागे नेतात. म्हणून एका कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या एका नोंदीत, एकच काम असावं हा नियम. दुरुस्तीसोबत तुम्ही चार ठिकाणचं सुशोभीकरणही केलंत, तर मागे नेणाऱ्याला ती गुंतवळ सोडवत बसावं लागतं, आणि कधीकधी तो तुमची दुरुस्ती सोडूनच देतो.

सुरुवात करायची असेल तर भांडारातली ‘चेंजलॉग’ फाईल उघडा आणि ‘लिबयुटिल’ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. त्यातली एखादी दुरुस्ती निवडा, गिटमध्ये तिचा कमिट काढा, आणि आधी संदेश न वाचता फक्त बदललेला कोड बघून स्वतः लिहा, की यामुळे कुठल्या टूलचं वागणं बदललं असेल. मग संदेश वाचून ताडून बघा. असे काही कमिट वाचून झाले, की हेडर फायलींमधल्या टिपा वाचायला घ्या. फंक्शन चूक झाल्यावर काय परत देतं हे जिथे धड लिहिलेलं नाही, तिथे कोड वाचून, नमुना प्रोग्रॅम चालवून, ते एका वाक्यात नीट लिहा. पहिला पॅच, म्हणजे तुमचा पहिला बदल, म्हणून तेच पाठवा.